घोड्यापुढची फळी

आयुष्यात मी दोनदाच उंच उडालो. एकदा शाळेत, आणि एकदा संध्याकाळी कॅशमध्ये नऊ हजार कमी भरले तेव्हा. दुसऱ्या उडीला फळी लागली नव्हती.

पहिलीची हकीगत अशी. आमच्या शाळेच्या व्यायामशाळेत एक लाकडी घोडा होता. पाठीवरचं चामडं फाटून आतला काथ्या वर आल्यामुळे त्याला आयाळ भलत्याच ठिकाणी फुटल्यासारखी दिसे. घोड्यापुढे एक उतरती फळी. तिला सगळे ‘स्प्रिंगबोर्ड’ म्हणत, पण तिच्यात स्प्रिंग नव्हती. पळत यायचं, फळीवर दोन्ही पाय आपटायचे आणि घोडा ओलांडून पलीकडे जायचं, असा कार्यक्रम. वर्गातल्या सर्वांत काटकुळ्या पोराला आणि एक्कावन्न किलोच्या मला, दोघांना फळी तीच. मी पळालो, पाय आपटले. फळी ‘ठक्’ म्हणाली, आणि मी घोड्यावर जाऊन बसलो. पलीकडे काही गेलो नाही. पी.टी.चे सर म्हणाले, “उतर आता. वरातीला अजून वेळ आहे.”

उडी मारणारी माणसं देवाने वेगळी घडवलेली असतात, हे मी त्या दिवशी मान्य करून टाकलं. पुढे बी.कॉम. झालो, बँकेत चिकटलो आणि उडीचा विषय संपला.

गेल्या वर्षी आमच्या धाकटीने जिम्नॅस्टिक्सचा हट्ट धरला. तिला घेऊन गेलो. तिथल्या तरुण सरांनी आधी तिचं वजन विचारलं, मग फळी आडवी करून तिच्या पोटातल्या आठ स्प्रिंगांपैकी दोन काढून बाजूला ठेवल्या. मी फीमध्ये सवलत मागितली होती, त्याचाच हा परिणाम असावा असं मला वाटलं. तसं विचारल्यावर सर म्हणाले, “नाही हो काका. पोरगी बावीस किलोची. सगळ्या स्प्रिंगा ठेवल्या तर फळी दबणारच नाही. आणि दबली नाही तर उडवणार कशी?”

मी मटकन बाकावर बसलो. तीस वर्षं मी स्वतःला दोष देत होतो, आणि निम्मा दोष फळीचा होता! (उरलेला निम्मा साबुदाणा वड्यांचा.) मग मी फळीचं जुनं खातं उघडून बसलो.

घोडा फार पुराणा. रोमन सैन्यात नव्या शिपायांना लाकडी घोड्यावर चढण्या-उतरण्याची तालीम देत. खरा घोडा महाग, शिवाय लाथ मारतो. १७९३ साली गुट्समुथ्स नावाच्या जर्मन शिक्षकाने तरुणांच्या व्यायामावर पुस्तक लिहिलं. १८११ साली फ्रीडरिश यानने बर्लिनजवळच्या हाझनहायडे इथे उघड्यावर आखाडा काढला. नेपोलियनचा मार खाल्लेल्या प्रशियातली पोरं पुन्हा दणकट करायची, हा हेतू. ती इतकी दणकट झाली की सरकारच बिचकलं. १८१९ साली यानला पकडलं, आणि पुढच्या वर्षीपासून १८४२ पर्यंत असल्या जाहीर कसरतींवर बंदी. माझ्याकडे बघून मात्र कुठल्याही सरकारला निश्चिंत झोप लागली असती.

या सगळ्यात फळीकडे कोण बघतो! ती बिचारी ताठच्या ताठ. १९५०च्या दशकात जर्मनीतच रॉयटर यांच्या नावाची फळी आली. लाकडाचे थर वाकवून, मधे पोकळी ठेवून केलेली, पायाखाली लवणारी. पुढे फळीखाली पोलादी गुंडाळ्यांच्या स्प्रिंगा बसल्या, आणि त्या माणूस बघून काढता-घालता येऊ लागल्या. म्हणजे माणसाने फळीशी जुळवून घ्यायचं ते फळीने माणसाशी जुळवून घ्यावं, एवढं सुचायला दीडशे वर्षं लागली.

आता यातलं शास्त्र मी कॉमर्सवाल्याला कळेल असं सांगतो. स्प्रिंगचा नियम रॉबर्ट हूकने शोधला: जेवढा ताण, तेवढा जोर. १६७६ साली त्याने तो अक्षरांची उलटापालट करून, कोड्यात छापला आणि फोड केली १६७८ साली. हा जगातला बहुधा सर्वांत लोकप्रिय नसलेला पासवर्ड असावा. तर फळी ही एक बँक आहे. जास्तीत जास्त पंचवीस मीटर धावून कमावलेला वेग तुम्ही तिथे ठेव म्हणून ठेवता. मुदत, सेकंदाचा जेमतेम दहावा हिस्सा. फळी स्वतःच्या पदरचं काही देत नाही. ठेवलेलं परत करते, आणि तेही थोडं कापून. (इथे ग्राहकांना ओळखीचं वाटेल.)

स्प्रिंगा कमी पडल्या आणि माणूस जड असला, तर ठेव परत मिळते पण उशिरा. तोवर खातेदार काउंटर सोडून गेलेला असतो. स्प्रिंगा जास्त झाल्या आणि मूल हलकं असलं, तर बँक ठेव घेतच नाही. चेक न वटता परत येतो, आणि दंड गुडघ्यांकडून वसूल होतो. म्हणून प्रत्येकाचं खातं वेगळं लागतं. फळी घोड्यापासून किती लांब ठेवायची, तेही ज्याचं त्याने ठरवायचं. त्यासाठी धावपट्टीच्या कडेला माप आखलेलं असतं.

इथवर मी हसत वाचत होतो. मग १९८८ साल आलं. युर्चेन्को नावाच्या उडीत फळीवर उलटं येऊन मागच्या मागे झेप घ्यायची असते. टोकियोत सरावात जुलिसा गोमेझ या पंधरा वर्षांच्या अमेरिकन मुलीचा पाय फळीवरून निसटला, मान घोड्यावर आदळली. ती पुन्हा उठली नाही. १९९१ साली गेली. आज त्या उडीसाठी फळीला तीन बाजूंनी गादी लावावीच लागते. नसेल तर उडी कितीही सुंदर असो, गुण शून्य. नियमावलीतली अशी ओळ कोरडी दिसते, पण तिच्यामागे कुणाची तरी मुलगी असते.

आणि २००० साल. सिडनी ऑलिंपिक. बायकांचा घोडा १२५ सेंटिमीटर हवा, तो १२० वर बसवला गेला. एकामागून एक मुली पडल्या. खोर्किनासारखी पट्टीची खेळाडूसुद्धा पडली, आणि मन खचून पुढे बारवरूनही पडली. प्रत्येकीला वाटलं, चूक आपलीच. शेवटी ॲलना स्लेटर या ऑस्ट्रेलियन मुलीने सांगितलं, घोडाच बुटका आहे. मोजला, तर खरंच! पडलेल्यांना पुन्हा उडीची संधी दिली, पण खोर्किनाचं पदक गेलं ते गेलंच. बँकेत एकाने लिहायचं आणि दुसऱ्याने तपासायचं असा नियम आहे. त्याला आम्ही रोज शिव्या घालतो. त्या दिवसापासून मी घालत नाही. पुढल्याच वर्षी तो घोडाही गेला आणि रुंद टेबल आलं.

आपल्याकडचं सांगायचं तर आगरतळ्याला बिश्वेश्वर नंदी यांनी सुरुवातीला दीपा कर्माकरला जुन्या स्कूटरचे सुटे भाग जुळवून केलेल्या साधनावर उड्या शिकवल्या. ज्या वाहनावर माझे वडील आम्हां चौघांना कोंबून नेत, त्याच्या भागांवरून ती पोरगी २०१६ साली रिओत पोचली. चौथी आली. कांस्यपदक ०.१५० गुणांनी हुकलं. एवढ्या फरकाने आमची टॅली चुकली तर आम्ही रात्री नऊपर्यंत बसतो.

परवाच्या रविवारी धाकटी पहिल्यांदा टेबल ओलांडून पलीकडे उतरली. उडीआधी तिने वळून विचारलं, “बाबा, मोजल्यास?”

आता ते काम माझ्याकडे आहे. मी गुडघे टेकून फळीखाली वाकतो आणि स्प्रिंगा मोजतो. सहा. मग नोटा मोजतो तशा उलट बाजूने पुन्हा मोजतो.

सहाच असतात. तरी मोजतो.