वल्हांडणाच्या पंक्तीतील ‘आपण’ : धर्मांतरित लॅटिना स्त्रिया आणि ज्यू स्मृतीचा इतिहास

प्रस्तावना

ज्यू धर्मीयांच्या वल्हांडण (पेसाह) या सणाचे केंद्र प्रार्थनामंदिर नसून घर आहे. सणाच्या पहिल्या रात्री कुटुंब मेजाभोवती एकत्र येते. ‘हग्गादा’ या पोथीच्या आधारे इजिप्तमधील दास्यमुक्तीची कथा सांगितली जाते. बेखमीर भाकर आणि कडू पाला खाऊन त्या दास्याचे स्मरण केले जाते. ही कथा प्रथमपुरुषी अनेकवचनात सांगितली जाते, हे तिचे मुख्य वैशिष्ट्य होय. सुमारे इ. स. २०० मध्ये संकलित झालेल्या ‘मिश्ना’ या ग्रंथानुसार प्रत्येक पिढीतील व्यक्तीने आपण स्वतःच इजिप्तमधून बाहेर पडलो असे मानले पाहिजे.

अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांतील अनेक ज्यू कुटुंबांत आज मेक्सिकन, प्वेर्तो रिकन किंवा कोलंबियन वंशाच्या, कॅथलिक घरात जन्मलेल्या आणि प्रौढपणी ज्यू धर्म स्वीकारलेल्या स्त्रिया आहेत. या स्त्रियांनी ते प्रथमपुरुषी सर्वनाम कोणत्या अधिकाराने उच्चारावे? प्रस्तुत लेखात या प्रश्नाचा ऐतिहासिक मागोवा घेतला आहे.

धर्मशास्त्राची भूमिका

‘निर्गम’ या ग्रंथाच्या बाराव्या अध्यायातच वल्हांडण पाळू इच्छिणाऱ्या उपऱ्याचा विचार आढळतो. सुंता झाल्यानंतर त्याला देशजाप्रमाणेच लेखावे आणि दोघांना एकच नियम असावा, असे तेथे सांगितले आहे. मिश्नेत मात्र वेगळा सूर उमटतो. धर्मांतरिताने प्रथमफळे अर्पण करावीत, परंतु त्या वेळचे वचन म्हणू नये. कारण त्यात ‘आमच्या पूर्वजांचा’ उल्लेख येतो आणि ते पूर्वज त्याचे नव्हेत.

या पेचाची सर्वांत स्पष्ट उकल बाराव्या शतकात मायमोनिडीज यांनी केली. ओबद्या नावाच्या एका धर्मांतरिताने त्यांना पत्राने हाच प्रश्न विचारला होता. अब्राहाम हा त्याचा मार्ग स्वीकारणाऱ्या सर्वांचा पिता असल्याने ‘आमचे पूर्वज’ असे निःशंकपणे म्हणावे, असे उत्तर त्यांनी दिले. इजिप्तमधील सुटकेबाबत त्यांनी थोडी मोकळीक ठेवली. ‘आम्हांला’ऐवजी ‘इस्राएलला’ असे म्हणायचे असल्यास म्हणावे. परंतु शब्द न बदलल्यासही दोष नाही, कारण दोघांत भेद उरलेला नाही. अशा रीतीने वंशापेक्षा स्वीकाराला प्राधान्य मिळाले.

रक्ताचा निकष आणि स्वयंपाकघर

याच्या नेमका विरुद्ध निकष स्पेनमध्ये रूढ झाला. १३९१ च्या दंगलींनंतर तेथील असंख्य ज्यूंना ख्रिस्ती व्हावे लागले. तथापि बाप्तिस्म्याने त्यांचे परकेपण संपले नाही. १४४९ मध्ये टोलेडो येथे ज्यू वंशाच्या ख्रिश्चनांना अधिकारपदांपासून दूर ठेवणारा नियम झाला आणि पुढे ‘रक्तशुद्धी’चा विचार दृढ होत गेला. १४७८ मध्ये पोपच्या फर्मानाने स्पॅनिश इन्क्विझिशनचा पाया घातला गेला, तर १४९२ मध्ये धर्मांतरास नकार देणाऱ्या ज्यूंची हकालपट्टी झाली.

इन्क्विझिशनची नजर विशेषत्वाने स्वयंपाकघरावर होती. डुकराचे मांस टाळणे, वल्हांडणाच्या काळात बेखमीर भाकर खाणे, अशा गोष्टी गुप्त ज्यू धर्माचा पुरावा मानल्या जात. घरातील नोकरांची साक्षही पुरेशी ठरे. प्रार्थनामंदिरे नष्ट झाल्यावर सण टिकवण्याचा भार घरातील स्त्रियांवर आला आणि त्याची किंमतही त्यांना मोजावी लागली. पोर्तुगीज सत्तेखालील गोव्यात १५६० मध्ये, तर मेक्सिको येथे १५७१ मध्ये हे न्यायासन आले. मेक्सिकोमध्ये १५९६ साली लुईस दे कार्वाहाल या तरुणास त्याच्या आई व बहिणींसह देहदंड देण्यात आला.

म्हणून आजची लॅटिना स्त्री ज्यू मेजावर बसते तेव्हा तिच्यामागे दुहेरी इतिहास उभा असतो. ज्या भाषेत तिची आजी जपमाळ ओढत असे, त्याच भाषेत ज्यूंवरील आरोपपत्रे लिहिली गेली. आणि त्याच भाषेच्या ज्यू रूपात, म्हणजे लादिनोत, हग्गादाही वाचली गेली.

विसाव्या शतकातील दरवाजे

विसाव्या शतकात धर्मांतराविषयी ज्यू समाजात दोन प्रवाह दिसतात. ब्रुकलिनमधील सिरियन ज्यू धर्मगुरूंनी १९३५ मध्ये धर्मांतरितांशी होणारे विवाह अमान्य ठरवले. केवळ लग्नासाठी होणारी धर्मांतरे प्रामाणिक नसतात आणि त्यामुळे छोटा समाज विरून जाईल, ही त्यामागील भीती होती. पिढ्यान्‌पिढ्या अल्पसंख्य म्हणून जगलेल्या समाजाची ही भीती अनाकलनीय नाही. याउलट रिफॉर्म प्रवाहाचे नेते अलेक्झांडर शिंडलर यांनी १९७८ मध्ये मिश्रविवाहित कुटुंबांना आणि नवागतांना आपलेसे करण्याचे आवाहन केले. १९८३ मध्ये त्याच प्रवाहाच्या धर्मगुरूंनी, ज्यू म्हणून वाढवलेल्या मुलांच्या बाबतीत पित्याकडून येणारा वारसाही मान्य केला.

मक्याचा प्रश्न

तात्त्विक मान्यता मिळाली तरी खरी कसोटी ताटात लागते. वल्हांडणात गहू, जव आदी पाच धान्यांचे आंबवलेले पदार्थ सर्वच ज्यूंना वर्ज्य असतात. अश्केनाझी ज्यूंनी तेराव्या शतकापासून तांदूळ व कडधान्येही वर्ज्य मानली. बहुतेक सेफार्दी ज्यूंनी हा निर्बंध स्वीकारला नाही. अमेरिका खंडातून मका युरोपात आल्यावर तोही अश्केनाझींच्या निषिद्ध यादीत गेला. नववधू सामान्यतः पतीच्या घरची रीत पाळते. त्यामुळे अश्केनाझी घरात आलेल्या मेक्सिकन स्त्रीला या सणात आपल्या माहेरचे मुख्य अन्नच सोडावे लागे. तेच सेफार्दी घरात मक्याच्या तोर्तियाला वाव असे.

२०१५ च्या डिसेंबरमध्ये कन्झर्व्हेटिव्ह प्रवाहाच्या धर्मविधी समितीने अश्केनाझींनाही हे पदार्थ खाण्याची मुभा दिली. ऑर्थोडॉक्स अश्केनाझी घरांत जुना निर्बंध कायम आहे. निर्णय आहारविषयक असला तरी, कोणाची रीत ‘आपली’ मानायची, हाच प्रश्न त्याच्या मुळाशी आहे.

निष्कर्ष

हा प्रश्न केवळ धर्मांतरितांपुरता मर्यादित नाही. कोकणातील बेने इस्राएल जन्माने ज्यू असूनही, इस्राएलमधील मुख्य धर्मपीठाने १९६० च्या दशकाच्या आरंभी विवाहासाठी त्यांच्या वंशाची चौकशी आवश्यक ठरवली. आंदोलनानंतर १९६४ मध्ये त्यांना समान ज्यू म्हणून मान्यता मिळाली. ज्या समाजासाठी मराठी भाषांतरासह हग्गादा १८४६ मध्ये मुंबईत आणि १८७४ मध्ये पुण्यात छापली गेली होती, त्यालाच ‘तुम्ही आमच्यापैकी आहात काय’ असे विचारले गेले.

मराठीत ‘आम्ही’ श्रोत्याला वगळते, तर ‘आपण’ त्याला सामावून घेते. हिब्रू सर्वनामात हा भेद नाही. तो व्यवहारात ठरवावा लागतो. टोलेडोने धर्मांतरितास ‘आम्ही’च्या बाहेर ठेवले, मायमोनिडीज यांनी त्याला ‘आपण’मध्ये घेतले. वल्हांडणाच्या मेजावर बसलेली लॅटिना स्त्री दास्यमुक्तीची कथा आपली म्हणून सांगते, तेव्हा ती दुसऱ्या परंपरेचा आधार घेत असते. स्मृतीचा वारसा रक्तातून येतो, तसाच तो दरवर्षी ती कथा सांगण्याची जबाबदारी पत्करूनही मिळतो, हे या इतिहासातून स्पष्ट होते.