परजीवीचा वंश, माणसाचा आजार

व्यापाराबरोबर माल येतो, तसे जहाजातले उंदीर, मांजरे आणि त्यांच्या पोटातले परजीवीही येतात. असाच एक परजीवी, टोक्सोप्लाझ्मा, १९०८मध्ये ट्युनिस आणि साओ पाउलोत सापडला. पुढे दीर्घकाळ सगळीकडे तो एकच समजला गेला. १९९५मध्ये संशोधक होव आणि सिब्ली यांनी त्याचे तीन मुख्य वंश दाखवले. पण ते नमुने बहुतांशी युरोप-अमेरिकेतले होते. दक्षिण अमेरिकेत निराळे वंश आढळले. फ्रेंच गयानातल्या जंगली वंशांनी धडधाकट माणसांनाही फुफ्फुसाचा गंभीर आजार दिला, ब्राझीलमध्ये डोळ्यांचे विकार जास्त दिसले. म्हणजे आजाराची तीव्रता केवळ रुग्णाच्या प्रतिकारशक्तीवर ठरत नाही.

यावर आक्षेप असा की, खरा दोषी वंश नसून दूषित पाणी आहे. तमिळनाडूत कोइमतूरला २००४मध्ये डोळ्यांच्या टोक्सोप्लाझ्मोसिसची, म्हणजे याच परजीवीच्या आजाराची, साथ आली. पहिल्याच अहवालात १७८ रुग्ण नोंदले गेले आणि संशय पाणीपुरवठ्यावर गेला. आक्षेपात तथ्य आहे, पण तो अर्धाच खरा. मांजराच्या विष्ठेतून आलेल्या परजीवीच्या अंडपुटी क्लोरीनला दाद देत नाहीत, म्हणून पाणी साथ पसरवते. एखाद्याच्या दृष्टिपटलावर किती खोल व्रण उरेल, यात मात्र वंशाचाही वाटा असतो. नेहमीची रक्तचाचणी संसर्ग झाल्याचे सांगते, वंश सांगत नाही. म्हणून साथीच्या तपासात पाण्याच्या नमुन्यांबरोबर परजीवीची जनुकीय तपासणीही झालीच पाहिजे.