ग्नू प्रकल्पातील नेतृत्ववाद

‘ग्नू’ या मुक्त सॉफ्टवेअर प्रकल्पाचे प्रमुखपद संस्थापक रिचर्ड स्टॉलमन यांच्याकडेच राहावे का, यावरून प्रकल्पातल्याच विकासकांनी २०१९ पासून उघडपणे मांडलेला वाद. स्टॉलमन यांनी १९८३ मध्ये ग्नूची घोषणा केली आणि १९८५ मध्ये फ्री सॉफ्टवेअर फाउंडेशन (एफएसएफ) स्थापन केले. फाउंडेशनला संचालक मंडळ आहे. ग्नूच्या प्रमुखाला मात्र ना निवडणूक, ना मुदत. वादाचे खरे मूळ इथे आहे.

ठिणग्या आधीही पडल्या होत्या. २०१८ मध्ये ग्नूच्या ‘जीलिबसी’ या पायाभूत प्रोग्राम-संग्रहाच्या माहितीपुस्तिकेतला गर्भपातविषयक कायद्यावरचा एक जुना विनोद काढायचे विकासकांनी ठरवले. विनोद स्टॉलमन यांचा होता. प्रकल्पप्रमुख या नात्याने पुस्तिकांबाबतचा अंतिम निर्णय आपलाच, असे म्हणून त्यांनी तो काढू देण्यास नकार दिला. दोन-चार ओळींचा मजकूर, पण रोज काम करणाऱ्यांचे एकमत मोठे की संस्थापकाचा शब्द, हा प्रश्न त्याने पुढे आणला.

सप्टेंबर २०१९ मध्ये, जेफ्री एपस्टीनच्या लैंगिक शोषण प्रकरणात आरोप झालेले संगणकशास्त्रज्ञ मार्विन मिन्स्की यांची बाजू घेणाऱ्या ई-मेलमुळे स्टॉलमन यांना एमआयटी हे विद्यापीठ आणि एफएसएफ दोन्ही सोडावे लागले. ग्नूचे प्रमुखपद त्यांनी सोडले नाही. ऑक्टोबरमध्ये ग्नूच्या काही देखभालकर्त्यांनी संयुक्त निवेदन काढले. त्यात स्टॉलमन यांच्या अनेक दशकांच्या कार्याबद्दल आधी कृतज्ञता होती. मग, ते एकटे साऱ्या ग्नूचे प्रतिनिधित्व करू शकत नाहीत आणि निर्णय सामूहिक असावेत, ही मागणी. ज्यांनी आयुष्याची वर्षे या कामात घातली त्यांनी हे लिहिले, म्हणून या निवेदनाचे वजन बाहेरच्या टीकेहून अधिक मानावे लागते. स्टॉलमन यांनी धोरणात मोठा बदल होणार नाही असे कळवले.

मार्च २०२१ मध्ये ते एफएसएफच्या मंडळावर परतले आणि वाद पुन्हा भडकला. संपूर्ण मंडळाने पायउतार व्हावे अशी मागणी करणाऱ्या पत्रावर तीन हजारांहून अधिक सह्या झाल्या. स्टॉलमन यांच्या समर्थनाच्या पत्रावर त्याहून जास्त. रेड हॅट या सॉफ्टवेअर कंपनीने एफएसएफची मदत थांबवली. डेबियन या मुक्त सॉफ्टवेअर प्रकल्पाच्या सदस्यांनी मतदान घेऊन, कोणतेच निवेदन काढायचे नाही असे ठरवले.

प्रत्यक्ष बदल घडला तो ग्नूच्याच ‘जीसीसी’ या कंपायलर-संचात. तिथल्या विकासकांना स्वतःच्या बळाची जाणीव जुनी होती : संथ कारभाराला कंटाळून त्यांच्यापैकी काहींनी १९९७ मध्ये ‘ईजीसीएस’ ही वेगळी शाखा काढली आणि १९९९ मध्ये तीच अधिकृत जीसीसी ठरली. २०२१ मध्ये जीसीसीच्या सुकाणू समितीच्या यादीतून स्टॉलमन यांचे नाव वगळले गेले. जूनमध्ये समितीने, योगदान देणाऱ्याने आपल्या कोडचे हक्क एफएसएफच्या नावे करून दिलेच पाहिजेत, ही जुनी अटही काढून टाकली.