झुडपी जंगल : निस्ताराच्या जमिनीवर कार्बनचा हिशेब

नागपूरचं हायकोर्ट जंगलात आहे, असं कुणी म्हटलं तर तुम्ही हसाल. पण कागदावर ते खरं होतं. हायकोर्टाची इमारत, सचिवालय, रेल्वेची जागा, सरकारी क्वार्टर्स, इतकंच काय, स्मशानभूमीसुद्धा महसुली दप्तरात 'झुडपी जंगल' म्हणून लागलेल्या जमिनीवर उभी आहे, अशी नोंद खुद्द सुप्रीम कोर्टाच्या 22 मे 2025 च्या निकालात आली. हा निकाल तत्कालीन सरन्यायाधीश भूषण गवई आणि न्या. ऑगस्टिन मसीह यांच्या खंडपीठाचा. गवई साहेब मूळ अमरावतीचे आणि नागपूर खंडपीठात वकिली केलेले, त्यामुळे हे प्रकरण त्यांना कुणी समजावून सांगायची गरज नव्हती.

निकाल आला तेव्हा आपल्याकडे दोनच प्रतिक्रिया उमटल्या. एक गट म्हणाला, "चला, विदर्भाचा विकास मोकळा झाला." दुसरा म्हणाला, "जंगल वाचलं." ही जमीन मुळात कुणाची होती आणि कशासाठी होती, हे मात्र फारसं कुणी विचारलं नाही. आज तेवढंच सांगायचं आहे. पोस्ट लांब आहे, पण सातबारा आपला आहे, तेव्हा वाचा.

सुरुवात मालगुजारीपासून. 1861 मध्ये मध्य प्रांत तयार झाला आणि नागपूर त्याची राजधानी झाली. इंग्रजांनी गावागावातल्या मालगुजाराला मालकी हक्क दिला आणि त्याच्याकडून सारा वसूल केला. सलग मोठी जंगलं सरकारने स्वतःकडे ठेवली, 1878 च्या वन कायद्याने ती राखीव केली. पण गावाच्या शिवेतलं पडीत, माळ, खुरटं रान मालगुजाराच्या नावावर गेलं.

नाव मालगुजाराचं असलं तरी वापर सगळ्या गावाचा होता. ढोरं तिथेच चरायची. चुलीचं जळतण, वखराचं आणि बंडीचं लाकूड, कुंपणाच्या काट्या, पळसाची पानं, बोरं, मोहफुलं, घर सारवायची माती, सगळं तिथूनच यायचं. या रोजच्या गरजेच्या हक्काला आपल्याकडे एक जुना शब्द आहे : निस्तार. गावातले हे रिवाज 'वाजिब-उल-अर्ज' नावाच्या कागदात लिहिले जायचे. मालगुजार जुलमी असला तर भांडण व्हायचं, पण "निस्तार नाहीच" असं म्हणायची सोय त्यालाही नव्हती.

1951 मध्ये मालगुजारी संपली. गावाचं पडीत रान सरकारजमा झालं. नवीन मालक आला, तेव्हा गावाचा वापर कसा चालेल हे लिहून ठेवणं भाग होतं. त्यासाठी निस्तार पत्रक. कोणती जागा चराईची, कोणती जळतणाची, कोणती खळ्याची, हे त्यात लिहायचं. अशा नोंदींमध्येच कुठे 'मोठ्या झाडांचं जंगल' लागलं, कुठे 'लहान झाडांचं', तर आपल्या पूर्व विदर्भात 'झुडपी जंगल'. तलाठ्याच्या दृष्टीने याचा अर्थ साधा होता : शेती नाही, मोठं जंगल नाही, झुडपं आहेत, गाव वापरतं. 'जंगल' हा शब्द तिथे वर्णन म्हणून आला होता, वन कायद्यातली संज्ञा म्हणून नव्हे. छत्तीसगड आणि मध्य प्रदेशातला 'छोटे-बडे झाड का जंगल' हा वाद याच घरातला.

1 नोव्हेंबर 1956 ला विदर्भाचे आठ जिल्हे मुंबई राज्यात गेले. नागपूरची राजधानी गेली, दप्तर मात्र तेच राहिलं. म्हणूनच पश्चिम महाराष्ट्रातल्या माणसाला 'झुडपी जंगल' म्हटलं की कळत नाही. हा प्रश्न नागपूर, वर्धा, भंडारा, गोंदिया, चंद्रपूर आणि गडचिरोली या सहाच जिल्ह्यांचा. महाराष्ट्र जमीन महसूल संहितेत (1966) कलम 161 पासून पुढे निस्तार पत्रकाची तरतूद आहे, ती आजही लागू आहे. मसुदा गावात प्रसिद्ध करायचा, गावकऱ्यांचं मत घ्यायचं, मग कलेक्टरने तो कायम करायचा. नंतर किती गावांनी ते पत्रक उघडून पाहिलं, हा प्रश्न आपला आपल्यालाच विचारायचा.

मग दोन तारखा आल्या. 25 ऑक्टोबर 1980 ला वन संवर्धन कायदा लागू झाला : केंद्राच्या परवानगीशिवाय वनजमीन दुसऱ्या कामाला वापरायची नाही. आणि 12 डिसेंबर 1996 ला गोदावर्मन प्रकरणात सुप्रीम कोर्टाचा आदेश आला : मालकी कुणाचीही असो, शब्दकोशाच्या अर्थाने जे जंगल ते जंगल, आणि सरकारी नोंदीत जे 'वन' म्हणून लागलं आहे तेही जंगलच. हेतू चांगला होता. देशभर सर्रास तोड चालली होती, तिला या आदेशाने लगाम बसला. पण तलाठ्याने लिहिलेला एक वर्णनाचा शब्द रातोरात कायद्याचा शब्द झाला. धरणाचा कालवा अडला, शाळेची खोली अडली, अतिक्रमणात राहणाऱ्या गरिबाचा पट्टा अडला. अनुशेषाच्या भांडणात झुडपी जंगलाचं नाव सतत येत राहिलं ते यामुळे.

आता 2025 चा निकाल. राज्य सरकारचं म्हणणं होतं की यातली 86,409 हेक्टर जमीन जंगलाच्या कामाची नाही, ती मोकळी करा. कोर्टाने सांगितलं : झुडपी जंगल हे वनच. मात्र 12 डिसेंबर 1996 पूर्वी सक्षम अधिकाऱ्याने ज्यांना जमीन दिली, त्यांची प्रकरणं केंद्राकडे पाठवून नियमित करा, त्यांच्यावर पर्यायी वनीकरणाचा किंवा पैशाचा बोजा टाकू नका. त्यानंतरच्या वाटपावर कारवाई करा. तीन हेक्टरपेक्षा लहान, जंगलाला न लागलेले तुकडे संरक्षित वन म्हणून जाहीर करा. ही तुकड्यांची जमीन कुठल्याही बिगर-सरकारी संस्थेला देऊ नका. गरिबाची घरं वाचली आणि बिल्डरचा रस्ताही अडला, त्यामुळे निकाल बराच समतोल आहे, हे मान्य करायला हवं.

हवामान बदल यात येतो तो असा. 2015 मध्ये पॅरिस कराराच्या वेळी भारताने शब्द दिला की 2030 पर्यंत जंगल आणि झाडं वाढवून अडीच ते तीन अब्ज टन जादा कार्बन डायऑक्साइड शोषला जाईल. 2023 मध्ये वन संवर्धन कायदा बदलला, तेव्हा त्याच्या प्रास्ताविकेतच 2070 च्या 'नेट झिरो'चा उल्लेख आला. त्याच वर्षी ग्रीन क्रेडिटची योजना आली आणि पुढच्या वर्षीच्या नियमांत झाडं लावायला कोणती जमीन चालेल, तर विरळ जंगल, पडीक आणि 'स्क्रब लँड'. स्क्रब लँड म्हणजे मराठीत काय? झुडपी!

गंमत बघा. कोर्टाच्या लेखी झुडपी म्हणजे जंगल. भारतीय वन सर्वेक्षणाच्या उपग्रह नकाशात मात्र झाडांचं छत्र 10 टक्क्यांपेक्षा कमी असेल तर ते वनाच्छादनात मोजत नाहीत, 'खुरटं' म्हणून बाजूला काढतात. आणि काटोल-नरखेडकडची संत्र्याची बाग एक हेक्टरच्या वर आणि पुरेशी दाट असली, तर ती त्या मोजणीत बसू शकते. म्हणजे दिल्लीला आकडा वाढवायचा असेल तर सोपा उपाय एकच : झुडपी रानात खड्डे खणा, ओळीने रोपं लावा, तारेचं कुंपण घाला.

पण ते रान रिकामं नाही. तिथे गवत आहे, ससा, लांडगा, तितर आहे, पावसाचं पाणी मुरतं. गवताळ जमिनीचा बराचसा कार्बन मातीत असतो, तो उपग्रहाला दिसत नाही. आणि तिथे गोवारी-धनगरांची ढोरं-मेंढरं चरतात. कुंपण पडलं की पहिला माणूस बाहेर राहतो तो गुराखी.

मग करायचं काय? मला वाटतं, उत्तर त्या जुन्या शब्दातच आहे. 2006 च्या वनहक्क कायद्याचं कलम 3(1)(ख) वाचा. सामूहिक हक्कांमध्ये तिथे स्पष्ट लिहिलं आहे : निस्तार, मग त्याला कोणतंही नाव असो, जमीनदारी किंवा तशा मधल्या व्यवस्थेतले हक्कसुद्धा. मालगुजारी म्हणजे हेच ना! आणि त्या कायद्यातल्या 'वनजमिनी'च्या व्याख्येत अवर्गीकृत, मानीव आणि संरक्षित वनंही येतात. म्हणजे सरकारने 'हे जंगल आहे' असं म्हटलं, तर गावाने तेवढ्याच ठामपणे म्हणावं : "जंगल आहे ना? मग आमचा निस्तारही आहे." कोर्टाने एक दार लावलं असं वाटतं, पण त्याच शब्दाने दुसरं दार उघडलं आहे.

हे हवेतलं बोलणं नाही. गडचिरोलीतल्या मेंढा (लेखा) गावाने 2009 मध्ये सामूहिक वनहक्क मिळवला आणि 2011 पासून ग्रामसभा स्वतःचा बांबू स्वतः विकते. जंगल गेलं नाही, उलट गाव त्याची राखण करतं. कार्बनसुद्धा असाच टिकतो. ज्याचं पोट त्या रानावर आहे, तोच वणवा विझवायला आधी धावतो.

म्हणून एक काम सांगतो. आपापल्या गावच्या झुडपी जंगलाचे गट नंबर काढा. तलाठी कार्यालयात निस्तार पत्रक आणि वाजिब-उल-अर्ज मागा, प्रत घ्या. येत्या ग्रामसभेत ते मोठ्याने वाचा. म्हाताऱ्या माणसांना विचारा, ढोरं कुठे चरायची, पाणी कुठे असायचं, आणि ते लिहून ठेवा. खड्डे खणणारे येतील तेव्हा त्यांच्या हातात नकाशा असेल. आपल्या हातातही कागद असला पाहिजे.