घरगुती संगणकावरील दिशाभूल करणारी अपडेट्स : विंडोज १० चे प्रकरण आणि त्यावरील उपाय

संगणकाची कार्यप्रणाली, म्हणजेच ऑपरेटिंग सिस्टीम, ग्राहकाच्या हाती पडल्यानंतरही तिच्यातील उणिवा दूर करण्याचे काम निर्माती कंपनी करीत असते. इंटरनेटवरून संगणकात येणाऱ्या या दुरुस्त्यांना अपडेट असे म्हणतात. मायक्रोसॉफ्ट कंपनी ऑक्टोबर २००३ पासून प्रत्येक महिन्याच्या दुसऱ्या मंगळवारी आपल्या विंडोज प्रणालीसाठी सुरक्षाविषयक अपडेट्स प्रसिद्ध करीत आली आहे. त्या वेळी भारतात मंगळवारची रात्र झालेली असते. त्यामुळे बुधवारी सकाळी संगणक सुरू करताच नव्या दुरुस्त्या आल्याची सूचना दिसणे हा येथील वापरकर्त्यांच्या परिचयाचा अनुभव आहे.

ही व्यवस्था विश्वासावर चालते. दुरुस्ती म्हणून जे पाठविले जाते ते दुरुस्तीच असेल, असे गृहीत धरूनच वापरकर्ता संमती देतो. या विश्वासाला धक्का देणारे प्रसंग मात्र घडले आहेत. विंडोजची प्रत अस्सल आहे की नाही हे तपासणारा ‘विंडोज जेन्युइन अॅडव्हान्टेज’ हा कार्यक्रम २००६ मध्ये उच्च प्राधान्याच्या अपडेट्समधून संगणकांवर पोहोचविण्यात आला. तो कंपनीच्या सर्व्हरशी दररोज संपर्क साधतो, ही गोष्ट त्या वर्षीच्या जून महिन्यात उघड झाली आणि टीकेनंतर कंपनीला त्यात बदल करावा लागला. ऑगस्ट २००७ मध्ये याच सेवेच्या सर्व्हरमध्ये बिघाड झाला, तेव्हा रीतसर पैसे मोजून घेतलेल्या हजारो प्रतीही बनावट ठरविल्या गेल्या.

याहून मोठा वाद विंडोज १० मुळे निर्माण झाला. विंडोज ७ आणि ८.१ वापरणाऱ्यांसाठी केबी३०३५५८३ या क्रमांकाचे अपडेट मार्च २०१५ मध्ये आले. त्याच्या त्रोटक वर्णनावरून त्याचा खरा उद्देश कळत नव्हता. १ जून २०१५ रोजी मात्र पडद्याच्या उजव्या कोपऱ्यात घड्याळाशेजारी खिडकीचे पांढरे चिन्ह उमटले आणि ‘गेट विंडोज १०’ या नावाने नव्या प्रणालीची जाहिरात सुरू झाली. दोष दूर करणारे म्हणून आलेले अपडेट प्रत्यक्षात विक्रीचा प्रचारक होते.

नवी प्रणाली २९ जुलै २०१५ रोजी प्रसिद्ध झाली आणि पुढील एक वर्ष ती विनामूल्य मिळणार होती. ज्यांनी तिची मागणीच नोंदविली नव्हती अशांच्या संगणकांवरही तिच्या फाइल्स येऊन पडत असल्याचे त्याच वर्षी निदर्शनास आले. या फाइल्स एका लपविलेल्या फोल्डरमध्ये ठेवल्या जात आणि त्यांचा आकार सहा गिगाबाइटपर्यंत असे. महिन्याला ठराविक डेटा मिळणाऱ्या जोडणीवर हा भुर्दंड किती मोठा, हे भारतीय ग्राहकाला वेगळे सांगण्याची आवश्यकता नाही. फेब्रुवारी २०१६ मध्ये विंडोज १० ला ‘शिफारस केलेले’ अपडेट असा दर्जा देण्यात आला. परिणामी ज्यांनी स्वयंचलित अपडेटचा पर्याय निवडलेला होता, त्यांच्या संगणकांवर बदलाची प्रक्रिया आपोआप सुरू होऊ लागली.

सर्वाधिक संताप झाला तो खिडकी बंद करण्याच्या फुलीवरून. ही फुली दाबली म्हणजे ‘नको’, असा संकेत विंडोजनेच अनेक वर्षे रुजविला होता. मे २०१६ मध्ये दिसू लागलेल्या सूचनेत मात्र फुली दाबल्यास आधीच ठरविलेली बदलाची वेळ कायम राहत असे. म्हणजेच नकार हा होकार मानला जात होता. पुढे टीका वाढल्यावर प्रस्ताव नाकारण्याचा स्पष्ट पर्याय देण्यात आला.

हे प्रकरण न्यायालयातही गेले. संमतीविना झालेल्या बदलामुळे व्यवसायाचा संगणक निरुपयोगी झाला, अशी तक्रार कॅलिफोर्नियातील एका पर्यटन व्यावसायिक महिलेने केली होती. तिला दहा हजार डॉलर भरपाई मिळाली. कंपनीने अपील मागे घेतले, परंतु चूक मान्य केली नाही. जर्मनीत बाडेन-व्युर्टेंबर्ग राज्यातील ग्राहक संघटनेने दावा दाखल केल्यानंतर, संमती नसताना अशा फाइल्स संगणकावर उतरविणार नाही, अशी लेखी हमी कंपनीने २०१७ मध्ये दिली. आपण मर्यादा ओलांडल्याचे कंपनीचे विपणन प्रमुख ख्रिस कॅपोसेला यांनी डिसेंबर २०१६ मध्ये कबूल केले. तोपर्यंत मोफत योजनेची मुदत संपून जाहिरातीचा तो कार्यक्रमही काढून टाकण्यात आला होता.

सर्वच त्रासदायक अपडेट्समागे असा हेतू असतो असे नाही; निव्वळ चुकीनेही मोठी हानी होते. २ ऑक्टोबर २०१८ रोजी आलेल्या विंडोज १० च्या १८०९ आवृत्तीने काही वापरकर्त्यांचे दस्तऐवज आणि छायाचित्रे पुसून टाकली. ज्यांनी आपले ‘डॉक्युमेंट्स’सारखे फोल्डर दुसऱ्या ठिकाणी हलविले होते, त्यांचे जुने फोल्डर रिकामे आहे असे समजून ते नष्ट केले जात होते. चार दिवसांतच वितरण थांबविण्यात आले आणि सुधारित आवृत्ती १३ नोव्हेंबरला आली. गेलेली छायाचित्रे मात्र ज्यांनी बाहेरील डिस्कवर प्रत ठेवली होती त्यांनाच खात्रीने परत मिळाली.

अशा अनुभवांनंतर अपडेट्स कायमची बंद करण्याकडे अनेकांचा कल होतो. हा उपाय रोगापेक्षा घातक आहे. मे २०१७ मध्ये जगभर पसरलेल्या वॉनाक्राय या खंडणीखोर विषाणूने विंडोजमधील ज्या दोषाचा फायदा घेतला, तो दूर करणारे अपडेट १४ मार्च २०१७ रोजीच उपलब्ध झाले होते. ते न बसविलेल्या संगणकांना झळ बसली.

बंद करण्याऐवजी अपडेट लांबणीवर टाकणे अधिक श्रेयस्कर ठरते. मे २०१९ च्या आवृत्तीपासून विंडोज १० च्या होम प्रकारातही सात-सात दिवसांनी, एकूण ३५ दिवसांपर्यंत अपडेट थांबविण्याची सोय मिळाली. दोष असल्यास तो सहसा या अवधीत उघडकीस येतो. इंटरनेट जोडणी ‘मीटर्ड’ असल्याचे सेटिंग्जमध्ये नोंदविल्यास मोठ्या फाइल्स आपोआप उतरत नाहीत. अपडेटनंतर बिघाड झाल्यास अपडेटच्या इतिहासातून त्याचा केबी क्रमांक शोधून ते काढून टाकता येते. संगणक सुरूच होत नसेल, तर लागोपाठ काही अयशस्वी प्रयत्नांनंतर दुरुस्तीचा पडदा दिसतो आणि तेथेही शेवटचे अपडेट काढण्याचा पर्याय असतो. संपूर्ण आवृत्ती बदलली असल्यास मागे जाण्यासाठी साधारणतः दहा दिवसांचीच मुदत मिळते.

संकेतस्थळावर अचानक उघडणारी किंवा ई-मेलसोबत आलेली ‘विंडोज अपडेट’ची सूचना मात्र नेहमीच बनावट समजावी. खरे अपडेट प्रणालीच्या सेटिंग्जमधूनच येते.

विंडोज १० चे नियमित साहाय्य १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपले. ज्या आवृत्तीसाठी ग्राहकांच्या मागे लागावे लागले होते, तिचे लक्षावधी वापरकर्ते विंडोज ११ च्या टीपीएम २.० सारख्या अटी जुना संगणक पूर्ण करू शकत नसल्याने तेथेच राहिले. त्यांच्यासाठी कंपनीने सुरक्षाविषयक अपडेट्सची मुदत नोंदणीच्या अटीवर १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंत वाढविण्याची योजना जाहीर केली.