मनामा ते मुंबई : सव्वातीन तास

परवा फोनवर आईने विचारलं, "तू नक्की किती लांब आहेस रे?" मी म्हटलं, "सव्वातीन तास." पुण्याहून नागपूरला बसने जाण्यापेक्षा खूपच कमी! फोन ठेवल्यावर मात्र इंजिनियरी सवयीने आकडेमोड करत बसलो.

बहरीनचा विमानतळ खरं तर मनाम्यात नाहीच, तो पूल ओलांडून पलीकडे मुहर्रक बेटावर आहे. तिथून मुंबई सरळ रेषेत सुमारे २४१० किलोमीटर. वारा पाठीशी असला की सव्वातीन-साडेतीन तास, येताना तोच वारा समोरून, म्हणून पावणेचार-चार. घड्याळ अडीच तासांनी पुढे-मागे होतं ते वेगळंच. त्यामुळे जाताना पावणेसहा तास गेल्यासारखे वाटतात आणि परतताना जेमतेम सव्वा-दीड!

आता थोडं मागे जाऊ. १९२९ साली इम्पीरियल एअरवेजने लंडन-कराची सेवा सुरू केली, ती इराणच्या किनाऱ्याने. पुढे इराणने परवानगी नाकारली आणि ऑक्टोबर १९३२मध्ये मार्ग आखाताच्या अरबी बाजूला आला: कुवेत, बहरीन, शारजा, ग्वादर, कराची. विमान होतं हॅंडली पेज ४२, चार इंजिनं, दोन मजली पंख आणि वेग ताशी १६० किलोमीटरच्या आसपास. बहरीन ते शारजा, म्हणजे ५०० किलोमीटर जायलाच तीन तास. आज तेवढ्या वेळात मी सांताक्रूझला उतरतो. शारजात रात्रीचा मुक्काम, दुसऱ्या दिवशी कराची.

आणि तिथून पुढे? गंमत म्हणजे त्याच महिन्यात, १५ ऑक्टोबर १९३२ला, जे. आर. डी. टाटा कराचीहून टपाल घेऊन पस मॉथ या छोट्या विमानाने अहमदाबादमार्गे मुंबईत जुहूला उतरले. अहमदाबादला इंधनाचे डबे बैलगाडीतून आणले होते म्हणे. म्हणजे सगळं वेळेवर जुळलं तरी बहरीनचं पत्र मुंबईत तिसऱ्या दिवशी.

पुढे याच मुहर्रकने कॉंकॉर्डही पाहिलं. २१ जानेवारी १९७६ला ब्रिटिश एअरवेजची पहिली व्यावसायिक कॉंकॉर्ड फेरी लंडनहून इथेच आली, चार तासांच्या आत. २००३ साली कॉंकॉर्ड निवृत्त झालं. आपण मात्र साध्या जेटच्याच वेगाने जातोय. वेग गेल्या साठेक वर्षांत फारसा वाढलेला नाही.

पण खरा धडा वेगाचा नाहीच. मार्च २०२०मध्ये भारताने नियमित आंतरराष्ट्रीय विमानं थांबवली. मे महिन्यात पुण्यात आजी गेली. अंतर तेच होतं, २४१० किलोमीटर. पण मी तिला शेवटचं पाहिलं ते मोबाईलच्या पडद्यावर, नेट अडखळत होतं. २३ जून २०२५च्या रात्री बहरीनने काही तास हवाई हद्द बंद ठेवली, तेव्हा पुन्हा तीच धाकधूक. १९३२ला इराणच्या नकाराने मार्ग बदलला होता, आजही आकाश कोणाच्या तरी होकारावरच उघडं असतं.

म्हणून पुढच्या वेळी आईला तासांत उत्तर देणार नाही. "विमान चालू आहे तोवर जवळच आहे" एवढंच सांगेन. आणि दिवाळीचं तिकीट आजच काढतो.

असो.