जुन्या जीपचे ब्रेक : काय बदलावे, कोणत्या क्रमाने

गोव्यातून बेळगावकडे जाणारा रस्ता अनमोडचा असो वा चोर्ल्याचा, तो घाट चढतो आणि परतताना तोच घाट उतरावा लागतो. जुन्या गाडीच्या ब्रेकची खरी परीक्षा या उतारावर होते. विलिस जीपच्या आराखड्यावरून घडलेल्या कित्येक जुन्या जीपगाड्यांना चारही चाकांना ड्रम ब्रेक आहेत. ज्या रस्त्यांसाठी आणि ज्या वेगासाठी ते योजले गेले, ते दोन्ही आता राहिलेले नाहीत. ताशी ४० ऐवजी ८० किलोमीटर वेगाने धावणाऱ्या गाडीत गतिज ऊर्जा दुप्पट नव्हे, चौपट असते. आणि गाडी थांबवताना त्या ऊर्जेचा बहुतांश भाग ब्रेकमध्ये उष्णता होऊन उतरतो.

तापलेला ड्रम प्रसरण पावून शूपासून दूर सरकतो, त्यामुळे पेडल अधिकाधिक खाली जाऊ लागते. लायनरची पकडही उष्णतेने सैल होते. डिस्क उघड्यावर असल्याने लवकर निवते, आणि तापून जाड झाली तर पॅडच्या जवळच येते. पाण्याचेही तसेच. कुळ्याहून दूधसागरकडे जाताना ओहोळ ओलांडावे लागतात. ड्रममध्ये शिरलेले पाणी बराच वेळ आत राहते, डिस्कवरचे मात्र काही फेऱ्यांतच उडून जाते. मारुती जिप्सीला पुढे डिस्क मुळातूनच होत्या, यामागची कारणे हीच.

तरीही डिस्कचा खर्च करण्यापूर्वी, असलेले ब्रेक मुळात जसे होते तसे उरले आहेत काय, हे तपासणे अगत्याचे ठरते. पुष्कळ गाड्यांत दोष आराखड्याचा नसून जीर्णतेचा असतो. ब्रेक ऑइल हवेतील ओलावा शोषून घेते. डॉट ३ प्रतीच्या ताज्या ऑइलचा उत्कलनबिंदू किमान २०५ अंश सेल्सिअस असावा लागतो. ओलावा मुरल्यावर त्याची किमान मर्यादा १४० अंशांवर येते. डॉट ४ साठी हेच आकडे २३० आणि १५५ आहेत. घाटात ऑइल उकळले की नळीत वाफ होते, वाफ दाबली जाते आणि पेडल तळाला टेकते. कोकणपट्टीच्या दमट हवेत दोन वर्षांनी ऑइल बदलणे ही चैन नव्हे. रबरी नळ्या जुन्या झाल्यावर आतून फुगतात. पेडलच्या दाबाने ऑइल पुढे जाते, पण परत येत नाही आणि चाक घासत राहते. जुन्या लायनरमध्ये ॲस्बेस्टॉस असू शकते, म्हणून ड्रम उघडल्यावर धूळ हवेच्या नळीने उडवू नये. ओल्या फडक्याने पुसावी.

मोठे टायर लावण्याची हौस येथे आडवी येते. टायरचा व्यास दहा टक्क्यांनी वाढला की तीच गाडी तितकीच रोखण्यासाठी ब्रेकला सुमारे दहा टक्के अधिक जोर लावावा लागतो.

प्रत्यक्ष सुधारणेत पहिला मान डिस्कला नव्हे, मास्टर सिलिंडरला द्यावा. जुन्या जीपमध्ये चारही चाकांचा मार्ग एकच असतो. एक नळी फुटली तर सगळेच ब्रेक जातात. दुहेरी मास्टर सिलिंडर पुढच्या व मागच्या चाकांचे मार्ग वेगळे करतो, म्हणजे एक गेला तरी दुसरा उरतो. त्यानंतर बूस्टर. ड्रममधील शू चाकाच्या फिरण्याचाच आधार घेऊन अधिक घट्ट होतो, डिस्कला तो लाभ नाही. म्हणून बूस्टरविना डिस्क बसवली तर पायाला जड वाटते. बूस्टरला निर्वात लागतो आणि डिझेल इंजिन तो पुरेसा देत नाही, त्यामुळे वेगळा व्हॅक्यूम पंप हवा. अनेक गाड्यांत तो अल्टरनेटरलाच जोडलेला असतो.

मग पुढच्या चाकांना डिस्क. ब्रेक लावताना गाडीचा भार पुढे सरकत असल्याने लाभ मुख्यतः तेथेच मिळतो. मागे ड्रम राहू द्यावेत. हँडब्रेकची गुंतागुंतही टळते. येथे गॅरेजमध्ये एक बारीक गोष्ट हमखास राहून जाते. ड्रमसाठीच्या मास्टर सिलिंडरमध्ये नळीत सुमारे १० पौंड प्रति चौरस इंच दाब धरून ठेवणारा व्हॉल्व्ह असू शकतो. तोच दाब डिस्कच्या मार्गात राहिला तर पॅड सतत घासतात आणि डिस्क तापते. मास्टर सिलिंडर पायाखालच्या फळीच्या खाली असेल, तर मात्र ऑइल मागे उतरू नये म्हणून सुमारे २ पौंडांचा व्हॉल्व्ह लागतो. मागची चाके आधी जाम होऊन गाडी फिरू नये, यासाठी पुढच्या-मागच्या दाबाचे प्रमाण राखणारा व्हॉल्व्हही बसवावा. कॅलिपर रिमला लागत नाही ना, हे सुटे भाग विकत घेण्यापूर्वीच पाहावे.

मोटार वाहन कायदा, १९८८ चे कलम ५२ नोंदणी प्रमाणपत्रातील तपशील उत्पादकाच्या मूळ तपशिलाहून वेगळे होतील असे बदल करण्यास मनाई करते. म्हणून काम हाती घेण्यापूर्वी वाहतूक खात्याच्या कार्यालयात लेखी विचारणा करावी आणि विमा कंपनीलाही कळवावे.

काम झाल्यावर हवा काढताना सर्वसाधारणपणे मास्टर सिलिंडरपासून सर्वांत लांबच्या चाकापासून सुरुवात करतात. नवे पॅड रुळण्यासाठी मोकळ्या सपाट रस्त्यावर ताशी ५० वरून १० पर्यंत वेग आठ-दहा वेळा उतरवावा, पूर्ण थांबू नये, आणि नंतर गाडी काही अंतर ब्रेक न लावता चालवून डिस्क निवू द्यावी. त्यानंतर चारही चाकांजवळ हात नेऊन पाहावा; एखादे चाक इतरांहून फारच तापले असेल, तर घाटात जाण्याआधी ते पुन्हा उघडावे.